पुढे कारभारी, मागे सरदार

तुंबगडच्या महाराजांनी विलायतेहून सात सायकली मागवल्या, आणि गावाची एक चांगली वापरातली पायवाट बंद व्हायची वेळ आली.

वाट गडावरच्या वाड्यापासून खाली वाघजाईच्या देवळापर्यंत जाणारी, जेमतेम एका माणसापुरती. धनगरवाड्यावरची झिमा रोज सकाळी डोक्यावर दुधाची घागर घेऊन ती चढायची. आता दर रविवारी महाराज आणि त्यांचे सहा मानकरी सायकलींवरून ती उतरू लागले. पहिल्या रविवारी सरदार भालेकर असे सुसाट सुटले, की बाकीचे देवळात पोहोचेपर्यंत त्यांची एक झोप झाली होती. कारभारी तात्यासाहेब मात्र दिवेलागणीला करवंदीच्या जाळीत सापडले. दुसऱ्या रविवारी महाराजांनी हुकूम काढला, की आपल्या पुढे कोणी जायचं नाही. मग सगळे महाराजांच्या मागच्या चाकाला नाक लावून निघाले. वळणावर झिमा चढत येत होती. महाराजांनी ब्रेक दाबला. मागच्यांनी दाबला नाही. घागर कलंडली, दूध करवंदींना मिळालं, आणि त्याच जाळीत अर्धा दरबार एकावर एक पडला.

चौकशी झाली, आणि दोष वाटेचा निघाला. मोठ्यांच्या चौकशीत दोष अशाचाच निघतो, ज्याला तोंड नसतं. वाट गावाला बंद! लोकांनी डोंगराला वळसा घालून यावं.

वळसा दोन कोसांचा. तेवढ्या उन्हात दूध नासणार, आणि नासलेलं दूध गडावर कोण घेणार?  झिमा सरळ दरबारात जाऊन उभी राहिली.

"सरकार, वाट वाईट न्हाई," ती म्हणाली. "आमच्या चाळीस म्हशी तिच्यावरनं जात्यात. एक बी पडत न्हाई."

"म्हशी?" महाराजांच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे आमच्यापेक्षा म्हशींना अक्कल जास्त?"

"तसं न्हाई सरकार. म्हशींस्नी सवय जास्त."

दरबारात कोणीतरी खोकून हसू दाबलं. महाराज हट्टी होते, पण दीर्घद्वेषी नव्हते. ते म्हणाले, "मग येत्या रविवारी तूच आम्हाला खाली ने. सातही जण एकदम देवळात पोहोचले पाहिजेत. भालेकरांना हळू चला म्हणायचं नाही, ते सरदार आहेत. तात्यांना लवकर चला म्हणायचं नाही, त्यांचे डोळे भरून येतात. आणि माझ्याच राज्यात मी दुसरा येणार नाही. जमलं तर वाट तुमची. नाही जमलं तर वळसा!"

झिमाने मान डोलावली आणि ती म्हशी घेऊन रानात गेली.  संध्याकाळी कळप परत निघाला, तशी ती पुढच्या म्हशीकडे बघत राहिली आणि हळूच हसली.

रविवारी सकाळी ती वाड्याच्या दारात हजर.

"सरकार, तुमची स्वारी निघते तवा पुढं कोण असतं?"

"चोपदार. ललकारी द्यायला."

"मग चोपदार पयला आला असं कोन म्हनतं का?"

"वेडी आहेस का? पहिला मीच."

"मग आज चोपदाराचा मान तात्यासाहेबांस्नी द्या. आवाज खणखणीत हाय त्यांचा. आन् चोपदाराला ओलांडून जायची तुमच्या दरबारात रीत न्हाई."

तात्यासाहेबांचा चेहरा जन्मात प्रथमच सायकलीवर खुलला. आवाजाची तारीफ आजवर त्यांच्या बायकोनेही केली नव्हती.

मग झिमा भालेकरांकडे वळली. "सरदार, फौज मागं फिरती तवा पिछाडी कुनाकडं देत्यात?"

"सगळ्यांत शूर असेल त्याच्याकडे," भालेकर मिशीवर हात फिरवत म्हणाले, आणि आपण होऊन शेवटी जाऊन उभे राहिले.

"आन् स्वारी ऐसपैस दिसाया हवी," ती बाकीच्यांना म्हणाली. "दोघांत एक म्हैस मावंल येवढी जागा ठेवा. चिकटून निघाला तर मेंढरं वाटाल."

स्वारी निघाली, सोबत झिमा पायी. पुढे तात्यासाहेब गोगलगाईच्या चालीने ललकारी देत होते, मागे भालेकर डोंगरातल्या न दिसणाऱ्या शत्रूवर नजर ठेवून होते. मधल्या एकाची साखळी निसटली. पिछाडी सोडून पळणारा शूर कसला? भालेकरांनी बोटं काळी करून ती बसवली. मागून सायकलींचा आवाज येईना म्हणून महाराज थांबले, आणि चोपदार एकटाच पुढे जाऊन करणार काय? तात्यासाहेबही थांबले.

वळणावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी चढत आली. तात्यासाहेब उतरायला निमित्तच शोधत होते. ते झटकन उतरले, सायकल कडेला घेतली आणि ओरडले, "ओझेवाल्याला वाट!" चोपदाराने सांगितल्यावर महाराज तरी काय करणार? तेही उतरले. म्हातारीने जाता जाता सातही जणांना आशीर्वाद दिला.

देवळाच्या पायरीशी सातही सायकली एकदम टेकल्या. कोणाचं ढोपर फुटलं नव्हतं, कोणी जाळीत नव्हतं. महाराज खूश झाले, आणि मग एकदम त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"झिमा, खरं सांग. हे कुठे शिकलीस?"

 खोटं बोलायची झिमाला सवय नव्हती. "कळपात, सरकार. लंगडी म्हैस पुढं ठेवायची. तिच्या चालीनं समदा कळप घरी येतो."

तात्यासाहेबांची मान खाली गेली.

"आणि मागे?"

"राखणीचं कुत्रं."

भालेकरांची मिशी थरथरली. महाराज एक पाऊल पुढे आले. "आणि या कळपात मी कोण गं?"

 झिमाने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"सरकार, मी कोन, ह्यो सवाल कळपातल्या जनावराला कधी पडत न्हाई. ज्याला पडतो, त्यो धनी."

महाराज असे हसले, की देवळाच्या शिखरावरची कबुतरं उडाली. तात्यासाहेबही हसले, भालेकर शेवटी हसले, कारण पिछाडी त्यांचीच होती.

वाट त्याच दिवशी गावाला खुली झाली, आणि वळणावर पाटी लागली: 'चढणाऱ्याला आणि ओझेवाल्याला आधी वाट.' महाराजांनी झिमाला एक सायकल देऊ केली. तिने नुसती तिची घंटी मागून घेतली आणि घरी जाऊन लंगड्या म्हशीच्या गळ्यात बांधली.