वरच्या सभागृहाचे कुलूप

एका राज्यात दोन सभागृहे होती. खालच्यात ठराव होई. जिना चढून तो वर जाई, आणि वरचे वडीलधारे त्यावर प्रश्न विचारत. प्रश्नांपायी एकदा कालवा हंगामभर रखडला, तेव्हा राजा भानुवर्मा चिडला.

एक मांत्रिक म्हणाला, "वरच्या सभागृहाला कुलूप घाल. मग खालची सभा म्हणेल ते त्याच क्षणी घडेल."

राजाने कुलूप घातले.

सभेने कालवा मागितला; कालवा वाहू लागला. पिकावरची पाखरे नकोत म्हटले. पाखरे गेली, अळ्या माजल्या. तिसरा ठराव झाला, "सभेत मध्येच बोलेल तो दगड होवो." तोच राजकन्या केतकी कुंभारांना घेऊन धावत आली. "बाबा, कालव्याचं पाणी कुंभारवाड्यात..." एवढे बोलली आणि तिथेच दगड झाली. कुंभारही एक शब्द बोलून दगड झाले.

राजा बागेत जाऊन रडला. फांदीवरचा भारद्वाज म्हणाला, "राजा, दोन्ही सभागृहांनी मिळून म्हटले तरच शाप सुटेल. सूर्य मावळला, तर मात्र नाही."

राजाने कुलूप तोडले, वडीलधाऱ्यांना बोलावले. सभेने घाईघाईने ठराव केला, "राज्यातले सगळे दगड माणसे होवोत!" तो घेऊन राजा स्वतः जिना चढला.

वर यमाक्का बसली होती, सर्वांत वडील. तिने ठराव ऐकला.

"सगळे?"

"अक्का, सूर्य बघा!"

"बघतेय. तुमच्या महालाचा पाया कशाचा, महाराज?"

"दगडाचा."

"तो उठून चालू लागला तर? आणि माझं जातं माणूस झालं, तर त्याला दळायला सांगू की जेवायला वाढू?"

'सगळे' या एका शब्दाने सभा राजाची लेक परत देणार होती आणि राज्यही पाडणार होती. राजाने कललेल्या सूर्याकडे पाहिले. तरी तो खाली उतरला. सभा कुरकुरली, पण तिने ठराव सुधारला, "शापाने दगड झालेली माणसे पुन्हा माणसे होवोत, तत्काळ घडण्याची जादूही संपो." राजा पुन्हा वर आला.

"आता बरोबर," यमाक्का म्हणाली. वरच्यांनी होकार दिला.

सूर्याची कड तेवढी उरली होती. केतकीने श्वास घेतला. कुंभार अंग झाडत उठले. पाखरे शेतांवर परतली, आणि कालव्याला बांध घालायला माणसे कुदळी घेऊन निघाली.

दुसऱ्या दिवशी राजाच्या सांगण्यावरून खालच्या सभेने ठराव केला, "वरचे सभागृह कधी चुकत नाही."

संध्याकाळी तो दुरुस्त होऊन परत आला, "चुकते. खालच्यांनीही विचारत राहावे."

राजाने तो दोनदा वाचला, आणि त्यावर शिक्का उमटवला.