तात्यासाहेब चहाला येणार

"माझ्या कॉलेजात चोर? शक्यच नाही!" तात्यासाहेब ढमढेऱ्यांनी काठी आपटली. "मग लायब्ररीतली पुस्तकं गेली कुठं?"

संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब लायब्ररीच्या मधोमध उभे होते. समोरच्या फळ्या दात पडलेल्या बोळक्यासारख्या दिसत होत्या. ग्रंथपाल मोकाशी सर नुसता घाम पुसत होते. पुस्तकं कुठं गेली हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक होतं. प्राध्यापक मंडळी यायची, "जरा चाळून देतो हं!" म्हणायची आणि पुस्तक काखेत मारून जायची. त्यांना सही मागणं म्हणजे त्यांचा अपमान! पुस्तकं त्यांच्या घरी सुखात होती. पण हे बोलणार कोण? मोकाशी सरांना अजून नोकरी करायची होती.

"वर्धापनदिनापर्यंत सगळी पुस्तकं जागेवर पाहिजेत," तात्यासाहेब म्हणाले. "नाहीतर लायब्ररी बंद! हॉल सत्कार-समारंभांना कामी येईल. आणि माझी माणसं अब्रूदार आहेत, बरं का! कुणाचं नाव घ्यायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, पुस्तक मागायला कुणाच्या दारात जायचं नाही!"

"मग पुस्तकं येणार कशी, साहेब?"

"ते तुमचं तुम्ही बघा!"

तात्यासाहेब गेले. मोकाशी सर खुर्चीत बसले ते बसलेच.

कोपऱ्यात लायब्ररीच्या शिपाई इंदूताई खरात एका पुस्तकाला खळ लावून खाकी कव्हर घालत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या मुली तास संपले की एस.टी.ची वेळ होईपर्यंत इथंच वाचत बसायच्या. लायब्ररी बंद झाली, तर त्या स्टँडवर टवाळ पोरांसमोर ताटकळणार! इंदूताईंना आधी रडू आलं, मग राग आला. रागात त्यांचं डोकं चांगलं चालायचं.

संध्याकाळी त्या तात्यासाहेबांच्या बंगल्यावर गेल्या. साहेब व्हरांड्यात चहा पीत होते.

"साहेब, एक विचारू? प्राध्यापकांच्या घरी तुम्ही कधी चहाला जात नाही का?"

"बोलावतंय कोण, इंदू?"

"आणि गेलात, तर त्यांची पुस्तकांची कपाटं बघाल?"

"बघेन की! एकेक पुस्तक काढून निवांत बघेन. वाचनाची मला भारी आवड!" असं म्हणून तात्यासाहेबांनी कप खाली ठेवला. टीपॉयवर डाग पडू नये म्हणून कपाखाली एक जाडजूड पुस्तक होतं. इंदूताईंची नजर त्या पुस्तकावर जरा रेंगाळली. मग नमस्कार करून त्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इतिहासाच्या भुस्कुटे सरांना गाठलं. सरांच्या पोटात काही राहत नाही, ही त्यांची ख्यातीच होती.

"सर, तुम्हाला म्हणून सांगते, कुणाला बोलू नका हं. तात्यासाहेब कुणाकडे चहाला गेले ना, की पुस्तकांचं कपाट बघणार आहेत. एकेक पुस्तक काढून! स्वतः मला म्हणाले."

भुस्कुटे सरांचा चेहरा उतरला. "कधी येणार?"

"ते काही बोलले नाहीत."

तारीख कळली असती, तर मंडळींना निदान झोप तरी लागली असती!

दुपारपर्यंत बातमी कॉलेजभर झाली, आणि पुस्तकं यायला लागली. पहिले आले भुस्कुटे सरच. "रस्त्यात सापडली हो!" असं म्हणून त्यांनी पोतंभर पुस्तकं ओतली. प्राचार्यांच्या घरून मेथीच्या जुड्यांखाली लपवलेली टोपली आली. अर्थशास्त्राच्या सरांनी खिडकीतून एक ग्रंथ आत सोडला, तो मोकाशी सरांच्या डोक्यावर पडला. सर डोकं चोळत म्हणाले, "आभारी आहे." काही पुस्तकं तर दुसऱ्याच कॉलेजची निघाली!

वर्धापनदिनाच्या सकाळी तात्यासाहेबांनी मोकाशी सर आणि इंदूताई दोघांना बंगल्यावर बोलावून घेतलं.

"काय इंदू, आली का सगळी?"

"एक सोडून सगळी आली, साहेब."

"एक कुणी ठेवलं? नाव सांग त्याचं!"

"नाव घ्यायचं नाही, साहेब."

"मग जाऊन विचार त्याला!"

"विचारायचंही नाही."

"अगं, मग त्याच्या दारात जाऊन बस!"

"मागायला दारात जायचं नाही, अशी तुमचीच अट. आज आपण होऊन आले नाही हो, तुम्ही बोलावलंत म्हणून आले!"

मोकाशी सरांना जोराचा ठसका लागला.

"म्हणजे?" तात्यासाहेबांच्या भुवया वर गेल्या.

"चहा गार होतोय, साहेब. कप उचला."

तात्यासाहेबांनी कप उचलला. खाली खाकी कव्हराचं पुस्तक होतं. कव्हरावर चहाची गोल गोल वर्तुळं उमटली होती. त्यांनी पहिलं पान उघडलं. पानावर कॉलेजचा जांभळा शिक्का होता, आणि नाव होतं 'आटोपशीर भाषण कसे करावे'.

"अरेच्चा! हे तर मी मागं चाळायला आणलं होतं!"

"कव्हर माझ्या हातचं आहे, साहेब. लगेच ओळखलं."

तात्यासाहेबांनी एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा इंदूताईंकडे. "हरलो बुवा! आता लायब्ररीला कुलूप लावेल त्याची गाठ माझ्याशी. बोल, काय बक्षीस देऊ?"

"मुलींची शेवटची एस.टी. सुटेपर्यंत लायब्ररी उघडी ठेवा."

"दिलं! आणि तिची किल्ली आजपासून तुझ्याकडे!"

इंदूताईंचे डोळे भरून आले. पदराने ते पुसून त्यांनी पुस्तकासाठी हात पुढे केला. तात्यासाहेबांनी मात्र ते झटकन काखेत मारलं.

"थांब, थांब! आज वर्धापनदिनाचं भाषण आहे माझं. जरा चाळून देतो हं!"

इंदूताईंनी पिशवीतून रजिस्टर काढलं आणि टीपॉयवर उघडून ठेवलं.

"खुशाल चाळा, साहेब. पण आधी इथं सही!"

तात्यासाहेब असे गदागदा हसले, की हातातला कप हिंदकळून चहा सांडला. हसतहसतच त्यांनी पेन मागितलं, आणि अब्रूदार माणसासारखी सही केली.