लुवीनियाबाई दारात उभ्या राहिल्या

“आणि हा ‘योगदान’ शब्द किती वेळा आलाय?”

थेरॉननं भाषणाचे कागद चाळले. “अकरा वेळा, बाई.”

“बरं.”

“कमी करू का?”

लुवीनियाबाई बुटांचे बंद बांधत राहिल्या.

जॉर्जियातल्या एका लहान शहरात बाईंनी पन्नास वर्षं चर्चमध्ये पियानो वाजवला आणि शिकवला. थेरॉन त्यांचाच विद्यार्थी, न्यूयॉर्कहून संगीताची मोठी पदवी घेऊन परतलेला. काळ्या संगीतकारांनी देशाला काय दिलं, त्याचा गौरव शहर त्या दिवशी करणार होतं. सत्कार बाईंचा होता आणि त्यांचं भाषण थेरॉननं लिहिलं होतं. नव्या संगीतशाळेचा प्रमुखही त्याच समारंभात जाहीर व्हायचा होता. ते नाव आपलंच असणार, असं थेरॉन धरून चालला होता.

“आज काही चुकायला नको, बाई.”

“काय चुकेल?”

त्यानं कागद पुन्हा पहिल्यापासून चाळले.

नगरभवनाशी ते तासभर आधी पोहोचले. बाई तरुणपणी इथल्या मेजवान्यांत वाजवायच्या, तेव्हा काळ्या माणसांना मागच्या दारानं आत घेत. आज त्या पुढच्या पायऱ्या चढल्या आणि दारातच थांबल्या.

पाहुणे येऊ लागले. बाई एकेकाचा हात हातात घेऊ लागल्या.

“या. आलात, बरं वाटलं. पुढं बसा, तिकडे पंखा आहे.”

संयोजक धावत आला. “बाई, आजच्या पाहुण्या तुम्ही. तुमची खुर्ची मंचावर आहे.”

“असू दे… या, या. त्या आजोबांना कोणीतरी हात द्या.”

थेरॉन ओशाळून खांबाआड सरकला.

महापौर आले. बाईंनी त्यांचाही हात धरला. “या. संकोच करू नका. घर आपलंच समजा.”

महापौर हसले. मग हसू मध्येच थांबलं. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि आभार मानून आत गेले.

भाषणं झाली. बाईंचं नाव पुकारलं. थेरॉननं कागद पुढं केले. बाईंनी ते घेतले नाहीत.

माईकपाशी जाऊन एवढंच म्हणाल्या, “जेवल्याशिवाय कोणी जाऊ नका.”

आणि पियानोवर बसल्या.

चर्चमधलं जुनं गाणं होतं. दुसऱ्या ओळीला सगळ्या सभागृहानं टाळी धरली. दारावरचा पोलीस, महापौर, महापौरांची म्हातारी आई. टाळी नेमकी कुठं द्यायची, हे कोणालाही सांगावं लागलं नाही.

नंतर थेरॉनचं नाव जाहीर झालं. शेजारच्यानं कोपरानं ढोसलं, तेव्हा तो उठला.

परतताना गाडीत त्यानं विषय काढला.

“बाई, मला काही कळत नाही. सत्कार त्यांनी केला. आमंत्रण त्यांचं. सभागृह त्यांचं.”

“हं.”

“आणि तुम्ही अशा वागलात, की ते सगळे तुमच्याकडेच आले होते.”

बाईंनी गाडीची काच खाली केली.

“मग कोणाकडे आले होते?”