तळ्याकाठचा कायदा

फार पूर्वी एका रानातला वाघ म्हातारा होऊन मेला. आता राजा नको, सगळ्यांनी मिळून कायदा करू, असं म्हणून प्राणी तळ्याकाठी जमले. हत्तीण सभेची प्रमुख झाली.

हरिणी म्हणाली, "रानात कुठेही आमच्या पाडसांना कुणी मारू नये."

लांडगा ताडकन उठला. "मग आम्ही खायचं काय? असला कायदा करणार असाल तर आम्ही निघालो."

हत्तीण बराच वेळ त्याची समजूत घालत राहिली. मग हरिणीजवळ येऊन म्हणाली, "पोरी, तळ्यावर शिकार करणार नाही, एवढंच तो कबूल करतोय. बाकीचं पुढच्या सभेत माग. तिथे तुझा नि त्याचा शब्द सारखाच."

"आणि तोवर वाटेत?"

हत्तीण वळून आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

ऐन उन्हाळा होता, दुसरीकडे कुठे पाणी नव्हतं. हरिणीने नाइलाजाने मान डोलावली.

त्या दुपारी तिचं पाडस लांडग्याशेजारी उभं राहून पोटभर पाणी प्यायलं. लांडग्याने त्याला धक्काही लावला नाही. पाणी पिऊन तो निवांत चालत गेला आणि हरिणीच्या घरच्या वाटेवर बसला.

हरिणी पाडसाला घेऊन तळ्यातच उभी राहिली.

"आजी," ती हत्तिणीला म्हणाली, "पुढची सभा आत्ताच बोलवा."