शेवाळ कुणी उपटायचं?

"येत्या अमावास्येच्या आत पोवळ्याचा कातळ लख्ख झाला नाही, तर अख्खा कोळीवाडा किनाऱ्यावरून उठवा!" जैतपाळ राजाने फर्मान सोडलं.

कारण काय, तर शेजारचा राजा पाहुणा येणार होता. त्याला नावेत बसवून पाण्याखालची लालपिवळी पोवळी दाखवायची होती. आणि तिथे होतं काय? नुसतं बुळबुळीत शेवाळ!

हरबा तांडेलाची मुलगी चांगुणा इतरांबरोबर बुड्या मारमारून शेवाळ खरवडत होती. बोटं सोलली, पण काढावं तसं ते दुप्पट माजे. खाली पोवळी उजेडावाचून गुदमरून मरत होती. तांबोशी मासा तर तिथून केव्हाच पसार झाला होता. हे कशाने, ते चांगुणाला पक्कं ठाऊक होतं. राजाच्या नव्या पागेतली लीद वाहून न्यायला दिवाणाने थेट समुद्रात पाट काढला, तेव्हापासून शेवाळाची चंगळ झाली होती. आणि दिवाणाला त्याबद्दल शाल मिळाली होती! स्वच्छता म्हणे! आपली घाण दुसऱ्याच्या दारात लोटायला अक्कल ती कसली लागते!

"पोरी, राजाला तोंडावर सांगशील तर मुंडकं जाईल," हरबा घाबरून म्हणाला.

"मी कशाला सांगू? तोच सांगेल!" चांगुणा फणकारली आणि डोक्यावर झाकलेली टोपली घेऊन दरबारात गेली.

"महाराज, न्याय करा! एका धनवंताने गरिबाच्या रानात खत लोटलं. त्यावर तण माजलं, पीक मेलं. आता वर तोच म्हणतो, तण उपट, नाहीतर घर सोड!"

"कोळणीला कुठलं आलं रान?" दिवाण खिंकाळला.

"दिवाणजी, न्याय मागायला रान लागतं की राजा?"

राजा खूश झाला. मिशीवर ताव देत गरजला, "असला निर्लज्ज माणूस माझ्या राज्यात? ज्याच्या खताने तण माजलं, त्यानेच ते उपटायचं! स्वतःच्या हाताने! आणि खताची वाट आजच बंद!"

"शब्द पक्का?"

"राजाचा शब्द आहे!"

चांगुणाने टोपली उपडी केली. शेवाळाचा ओला ढीग गालिच्यावर पसरला.

"मग धोतर खोचा महाराज, आणि उतरा पाण्यात! रान म्हणजे आमचा पोवळ्याचा कातळ, तण हे, आणि खत तुमच्या पागेतली लीद!"

"खोटं!" दिवाण ओरडला. "एवढ्या मोठ्या समुद्राला मूठभर लिदीने काय होतंय?"

"मग तुमच्या पाटाच्या तोंडाशी शेवाळ माजलेलं, आणि बंदरापलीकडच्या खडकावर नावालाही नाही, ते का? चला नावेतून, दाखवते. नाक तेवढं धरून या!"

राजाने एकदा शेवाळाकडे पाहिलं, एकदा आपल्या ढेरीकडे, आणि पगडी कलंडेपर्यंत हसत सुटला.

"पोरी, मला माझ्याच न्यायात बुडवलंस! पण मला पोहता येत नाही गं!"

"ज्यांनी पाट काढला त्यांना येत असेल की!"

राजा आणखीच हसला. त्याच दिवशी पाट माडांच्या बागेकडे वळला. किनारा कोळीवाड्याला कायमचा मिळाला, चांगुणाला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या.

पोवळी सावरायला पुष्कळ काळ लागणार होता. पण पाहुण्याला काहीतरी दाखवायला हवंच! राजाने नावेतून बोट दाखवलं. तिथे गळ्यापर्यंतच्या पाण्यात उभे राहून दिवाणजी शेवाळ खरवडत होते.