सरळ केलेले ओठ

"जोड कुठं दिसतोय का, मास्तर? तुम्हीच सांगा."

चिदानंदाने खुर्ची मागे सरकवून बसप्पा मास्तरांना स्क्रीनसमोर जागा करून दिली. सोलापुरातल्या निम्म्या लग्नांचे व्हिडिओ मास्तरांच्या हातून गेलेले. चिदानंद त्यांचाच चेला. हात साफ, खोटं का बोला. पण अलीकडे तो गुरूलाच परीक्षेला बसवू लागला होता.

स्क्रीनवर त्याचे वडील होते. उद्या त्यांचं वर्षश्राद्ध. आईने एवढंच मागितलं होतं, "एकदा त्यांना बोलताना दाखव रे."

बोलतानाची क्लिप एकच होती. लकवा मारून तोंड वाकडं झालं, त्यानंतरची.

"एकेक फ्रेम बाहेर काढली," चिदानंद म्हणाला. "फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये नेली. आजाराआधीच्या फोटोतले ओठ कापून तिथं बसवले, लाळ पुसली. मग सगळ्या फ्रेम परत व्हिडिओत लावल्या. महिना गेला."

"सुरेख," मास्तर म्हणाले.

"मग चेहरा का पाडलात?"

"लाव परत."

वडील बोलले. "चिदा... जेवलाश का ले?"

ओठ धडधाकट माणसाचे हलत होते. आवाज मात्र जड जिभेचा, चाचपडत आलेला.

चिदानंद जरा चपापला. "आवाज जुळत नाही खरा... तोही साफ करतो."

"आधी मूळ क्लिप काढ."

चिदानंद माउस नुसताच इकडेतिकडे फिरवत राहिला.

"काढ की."

"नाही ती. कॉम्प्युटरवर जागा नव्हती, पुसून टाकली... आणि ठेवून तरी काय करायचं, मास्तर? तसलं तोंड कुणाला बघवतं?"

"तुझ्या आईनं बघितलं. रोज घास भरवताना."

...

एवढी कला शिकलेल्या पोराला एवढंही कळू नये, याचा मास्तरांना रागच यायचा. पण आता त्याचा चेहरा असा उतरला की रागवायचीही सोय राहिली नाही. मेलेला बाप त्याच्याच हातून पुन्हा गेला होता.

"मास्तर," तो घाईने म्हणाला, "सरळ केलं तसं वाकडंही करता येईल. रात्रभर बसतो. मला येतं ते."

"कर."

चिदानंदाने माउस पकडला. वडिलांचा चेहरा मोठा करून स्क्रीनभर आणला.

"कुठल्या बाजूला वाकडं होतं?" मास्तरांनी विचारलं.

चिदानंदाचा हात उजव्या गालाकडे गेला. थांबला. मग डाव्या गालाकडे गेला...

तिथंही थांबला.

मास्तरांनी कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या, दार उघडलं.

"मास्तर... कुठल्या?"

"आईला विचार."