गोदीची ओ

देवाशप्पथ सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. म्हणजे ज्याने मला सांगितली तो तरी तसं म्हणत होता, आणि म्हणताना त्याचा एक हात गळ्याला होता, दुसरा माझ्या शेंगदाण्यांत. तेव्हा ऐंशी टक्के धरा. बेडूक बोलतात तेवढा भाग वगळला, तर बाकीच्यावर संशय घ्यायला जागा नाही. मी सांगतो, तुम्ही अधूनमधून 'हं' म्हणा, म्हणजे जागे आहात एवढं मला कळेल. आणि संपली की चहा-भजी तुमच्याकडून. 'हो' म्हणालात. ऐकलं मी.

एका राज्याच्या मधून नदी वाहायची आणि नदीवर पूल नव्हता. दाणे, कंद, कोवळं गवत सगळं पलीकडच्या काठावर. बिळं, घरटी आणि राजा अलीकडे. ज्यांना पोहता येत नाही अशा प्रजेसाठी अलीकडच्या काठावर मडक्यांची एक रांग मांडलेली असायची, प्रत्येक मडक्यात एक बेडूक. हाक आली की बेडकाने ओ द्यायची, मडकं पाण्यात लोटायचं आणि ज्याने हाक मारली त्याला त्यात बसवून ढकलत ढकलत पार करायचं. मडकं एकटंच तरंगू शकत नाही असं नाही, पण एकटं तरंगलं की ते समुद्राकडे जातं.

राजा बगळा होता. बेडकांच्या राज्यात बगळा राजा कसा, ते मलाही विचारू नका. तो एका पायावर डोळे मिटून उभा होता, आणि बाकीच्यांना वाटलं, याला काहीतरी कळलेलं दिसतंय.

राजाने प्रजेला वचन दिलं होतं. हाक मारल्यावर समोरून वाहणारं पान वळणाआड जायच्या आत ओ येईल. अगदी प्रत्येक हाकेला नाही, कारण राजा व्यवहारी होता. दर पौर्णिमेला तो मूठभर चिंचोके काढून ठेवायचा. एक हाक हुकली की एक चिंचोका नदीत. चिंचोके शिल्लक असेपर्यंत राजाच्या काठीवर हिरवं पान, संपले की पिवळं. पिवळं पान लागल्यानंतर हुकलेल्या हाका हुकल्या असं धरत नसत, कारण टाकायला चिंचोकाच नसायचा.

एकदा दोन-तीन बेडकांना उन्हात डुलकी लागली आणि पौर्णिमा अजून लांब असताना पान पिवळं झालं. राजाच्या मनाला ते फार लागलं. त्याने देखरेखीला टिटवी नेमली. तिचं नाव तानूबाई.

तानूबाई रांगेवरून फिरायची आणि प्रत्येक मडक्यावर थांबून विचारायची, "आहेस का?" आतून उत्तर यायचं, "आहे." उत्तर आलं नाही तर ती ओरडायची, मडकं फुटायचं, त्या जागी नवं मडकं आणि नवा बेडूक. नाव मात्र जुनंच राहायचं, कारण पलीकडच्यांना नावं पाठ होती. तिसऱ्या मडक्यातल्या बेडकीचं नाव गोदी. ती बदलली तरी गोदीच. काढलेल्या बेडकाला खुलासा द्यायला राजाकडे पाठवत. खुलासा ऐकून झाला की राजा चोच पुसायचा.

हं म्हणा.

सुरुवातीला तानूबाईची फेरी सकाळ-संध्याकाळ असायची. पान तरी पिवळंच राहिलं, म्हणून फेऱ्या वाढवल्या. मग आणखी वाढवल्या. शेवटी तर एक फेरी संपायच्या आत दुसरी सुरू व्हायची.

अशात एक दिवस पलीकडून दगडूनाना नावाच्या म्हाताऱ्या सशाने हाक मारली. गोदीने ओ दिली, गेली, त्याला मडक्यात घालून घेऊन आली. येऊन बघते तर तिच्या जागेवर दुसरं मडकं आणि त्यात दुसरी बेडकी.

"तू कोण गं?" गोदीने विचारलं.

"गोदी."

"मग मी कोण?"

"ते मला काय माहीत. मी आत्ताच आले."

तानूबाई वरून म्हणाली, "विचारलं तेव्हा उत्तर आलं नाही तुझं."

"अहो बाई, मी नानांना आणायला गेले होते. तेच काम आहे ना आपलं?"

"असेल. मला मडक्यातलं विचारायला सांगितलंय. मडक्यात तू नव्हतीस."

दगडूनाना मध्ये पडले. "मी साक्षीला आहे. हिच्याच मडक्यातून आलोय मी, माझा पार्श्वभाग अजून ओला आहे."

"तुम्ही कितव्या मडक्यातले?" तानूबाईने विचारलं. नाना कुठल्याच मडक्यातले नव्हते, त्यामुळे त्यांची साक्ष मोजता आली नाही. गोदी खुलासा द्यायला गेली. त्या दुपारी राजाने जेवण घेतलं नाही. भूक नव्हती म्हणे.

नवी गोदी हे सगळं बघत होती. रांगेतले बाकीचेही बघत होते. शेजारच्या मडक्यातला बाळकोबा तिला हळूच म्हणाला, "हे बघ गोदे, इथे दोनच शब्द लागतात. टिटवीला आहे म्हणायचं आणि काठाला ओ म्हणायचं. तिसरं काही केलंस तर तू गेलीस."

"पण ओ म्हटलं की जावं लागतं ना?"

"वचन 'ओ'चं आहे. जाण्याचं कुठे आहे?"

गोदीने आठवून बघितलं. खरंच नव्हतं.

त्या महिन्यात एकही हाक हुकली नाही. हाक पुरती व्हायच्या आत ओ यायची, कधीकधी तर आधीच यायची. काठीवर पान इतकं हिरवं होतं की त्यावर अळी चढली. पलीकडच्या काठावर गर्दी मात्र वाढत चालली. ज्यांना थोडंफार पोहता यायचं ते पोहत आले, त्यातले काही पोचले. बाकीचे हाका मारत राहिले. ओ इतकी छान यायची की त्यांना वाटायचं, निघालेच असतील.

मग वरच्या अंगाला कुठेतरी बेदम पाऊस झाला आणि नदी फुगली.

पलीकडच्या काठावर ठकू नावाची एक उंदरीण होती, नुकतीच बाळंत झालेली. पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते. ती त्यांना घेऊन एका दगडावर चढली, आणि पाणी दगडाभोवतून फिरलं.

"गोदेऽऽ."

"ओऽऽ," गोदी म्हणाली.

"आहेस का?" तानूबाईने विचारलं.

"आहे."

"गोदेऽऽ, निघालीस का गं?"

"ओऽऽ."

"मागच्या पौर्णिमेला तूच नेलंस की मला. पोटुशी होते मी. सावकाश ने म्हटलं तर सगळ्या वाटेने सावकाश नेलंस. आठवतंय ना?"

गोदीला काही आठवत नव्हतं. ते करणारी गोदी वेगळी होती, हिच्या आधीची, कदाचित तिच्याही आधीची. पण तिचं नाव घेऊन कोणीतरी इतक्या खात्रीने बोलत होतं की ओ देण्याऐवजी तिने वर बघितलं.

"तानूबाई," ती म्हणाली, "मी पटकन जाऊन येऊ का?"

"जा की. मी कुठे धरलंय."

"पण तुम्ही मध्ये विचाराल."

"विचारणारच."

"एक फेरी नका ना विचारू. पिल्लं आहेत हो तिथे."

तानूबाई पहिल्यांदाच मडक्याच्या काठावर उतरली. म्हणाली, "मी विचारलं नाही तर माझ्या जागी दुसरी टिटवी येऊन विचारेल. तिचंही नाव तानूबाईच असेल. माझ्या आधीच्या तानूबाईला तर तुझ्या आधीच्या कुठल्याशा गोदीची दया आली होती, म्हणून तर मी इथे आहे. आहेस का?"

"आहे."

गोदीने बाळकोबाला विनवलं, "मी येईपर्यंत माझं 'आहे' तू म्हण ना रे."

"तुझं म्हणताना माझं राहिलं तर?" बाळकोबा म्हणाला. तो वाईट नव्हता. त्याने मान फिरवली, पण फिरवताना डोळे मिटले होते.

"गोदेऽऽ, दगड बुडतोय गं."

गोदीने ओ दिली नाही. मडकं पाण्यात लोटलं.

मागे तानूबाईचं ओरडणं ऐकू आलं. पाणी मडक्याला गरागरा फिरवत होतं, गोदी ढकलत होती आणि दिशा चुकत होती, कारण ती आजवर नदीत उतरलीच नव्हती. तरी ती दगडापाशी पोचली. ठकूने एकेक पिल्लू मडक्यात ठेवलं. वाटेत पाणी शिरून जड झालेलं मडकं तोंडापर्यंत पाण्याला टेकलं. आता त्याला शेपटीचंही ओझं पेलणार नव्हतं.

ठकूने ते बघितलं आणि दगड दोन्ही हातांनी घट्ट धरला. "परत येशील ना?"

ओ म्हणायची सवय गोदीच्या जिभेवर आली होती. ती तिने गिळली.

"येते," ती म्हणाली.

आपल्याकडे निघून जाणारी बाई हेच म्हणते आणि परत येणारीही हेच म्हणते. ठकूला त्यातलं कुठलं ऐकू आलं, ते तिलाच माहीत.

मडकं अलीकडच्या काठाला लागलं तेव्हा तिसऱ्या जागेवर कोरं मडकं मांडलेलं होतं. त्यात एक टवटवीत बेडकी बसली होती आणि बाळकोबा तिला ते दोन शब्द शिकवत होता. गोदीने पिल्लं गवतात उतरवली आणि परत पाण्याकडे वळली. समोर राजा उभा होता, एका पायावर, डोळे मिटून. त्याला खुलासा हवा होता.

"गोदेऽऽ," पलीकडून हाक आली.

"ओऽऽ," कोऱ्या मडक्यातून उत्तर गेलं. आवाज खणखणीत होता.

गवतातली पिल्लं आईचा आवाज ऐकून त्या दिशेने सरकायला लागली, म्हणजे पाण्याच्या दिशेने. बाळकोबाने मडक्यातून पाय बाहेर काढला.

"आहेस का?" तानूबाईने विचारलं.

"आहे," बाळकोबा म्हणाला, आणि पाय आत घेतला.

"गोदेऽऽ."

"ओऽऽ."

"गो..."

"ओऽऽ."

त्यानंतर पलीकडून हाक आली नाही. नव्या गोदीने थोडा वेळ वाट बघितली आणि एखादी हुकायला नको म्हणून आणखी एकदा ओ दिली. राजाने चोच पुसली. गोदीने ओ दिली नाही त्या हाकेचा एक सोडला, तर चिंचोके सगळेच्या सगळे शिल्लक होते. काठीवरचं पान वाऱ्यावर हलत होतं, हिरवंगार, आणि त्याच्या खाली नदीला आता एकच काठ होता.

संपली. काढा चहा-भजी.

नुसतं 'हो, हो' काय म्हणताय? ते तुम्ही सुरुवातीलाही म्हणालात, आणि मधे 'हं' पण अगदी वेळेवर येत होतं. उठा आता.